दुसरा गिअर, गंधक आणि दोन लिटर ऑइल

थंडी पडली की आमच्या गाडीचा दुसरा गिअर रुसतो. नोव्हेंबर संपेपर्यंत काही तक्रार नसते. एकदा का निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या आणि बागाईतदार पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायला लागले, की इकडे इंदिरानगरच्या गल्लीतून बाहेर पडताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना लिव्हर मध्येच अडतो. जोर केला तर खर्रर्र. हात सैल सोडून क्षणभर थांबलं, मग हलकेच ढकललं, तर जातो. पाथर्डी फाट्यापर्यंत पोचेतो सगळं सुरळीत झालेलं असतं. त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायला न्यावं तर तिथे गाडी शहाण्यासारखी वागते आणि मिस्त्री माझ्याकडे संशयाने बघतो.

गाडी स्कोडा ऑक्टाविया आरएस, २००५ सालची. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, १५० पीएस, पाच गिअर, ऑटोमॅटिकचा पर्यायच नाही. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. बायकोचं म्हणणं, ज्या गाडीच्या डिकीत वर्षाचे गहू येतात ती स्पोर्ट्स कार कसली. माझं म्हणणं, कसारा घाट चढताना तिसऱ्यात जरा पाय दाबून बघ. वाद मिटलेला नाही आणि मिटावा अशी माझी इच्छाही नाही. ही गाडी जुळवली गेली औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला, तेव्हा औरंगाबादच म्हणत. म्हणजे परदेशी नाव लावून फिरत असली तरी मराठवाड्याचीच.

मी तिचा दुसरा मालक. पहिल्या मालकाने गाडीबरोबर बिलांची फाइल दिली होती, तारखेनुसार लावलेली. असा माणूस भेटला की गाडी डोळे झाकून घ्यावी. मी झाकले नाहीत, पण घेतली. या थंडीत ती फाइल पुन्हा चाळत बसलो आणि एका बिलावर ओळ सापडली, क्लच बदलल्याच्या खाली: 'गिअर ऑइल ९०, २ लि.' कुठल्या कंपनीचं, कुठल्या प्रतीचं, काही नाही. नुसतं नव्वद. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी काही मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही, आणि आपल्या भागातल्या निम्म्या गॅरेजांनी तेच केलं असतं.

का केलं असतं ते सांगतो. नाशिकमध्ये गॅरेज चालवायचं म्हणजे जीप, बोलेरो, स्कॉर्पिओ आल्याच. महिंद्राचा कारखाना सातपूरला, गावोगावी त्याच गाड्या. या गाड्यांना मागे ॲक्सल आणि त्यात क्राउन-पिनियन, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी. त्याला लागतं ९० नंबरचं, जीएल-५ प्रतीचं ऑइल. ते प्रत्येक गॅरेजात पिंपातच असतं. मग गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल, असं म्हणून तेच पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही जातं. गाडी चालते. लगेच काहीच बिघडत नाही. हीच तर पंचाईत आहे.

गाडीच्या पुस्तकाचीही मदत होत नाही. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, टायमिंग बेल्ट, सगळ्यांचे वायदे छापलेले आहेत. मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदला असं कुठेच नाही. कंपनीच्या हिशेबात ते जन्मभराचं. पण माझ्या गाडीत ते जन्मभराचं ऑइल आता नव्हतंच, त्याच्या जागी नव्वद होतं. म्हणून ठरवलं, घरीच बदलू.

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे गिअरचे दात, बुश, पितळ यांची भीती नाही. पण गिअर ऑइलच्या बाबतीत माझीही समजूत बरीच वर्षं सगळ्यांसारखीच होती: घासू नये म्हणून घालायचं, जितकं घसरगुंडं आणि जितकं महाग तितकं चांगलं. हे उत्तर निम्मंच बरोबर आहे. कारण गिअरबॉक्सच्या पोटात एक जागा अशी असते की जिथे घासलंच पाहिजे.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन पाच हजार फेऱ्यांवर आहे समजा. त्याच वेगाला दुसऱ्यात टाकलं की ते तीन हजारांच्या आसपास यायला हवं. क्लच दाबला म्हणजे इंजिन सुटलं, पण क्लचची प्लेट, इनपुट शाफ्ट आणि त्याला गुंतलेले गिअर अजून जुन्याच वेगाने गरगरत असतात. त्यांना निमिषार्धात नव्या वेगावर आणायचं काम पितळेची एक कडी करते, सिंक्रो रिंग. आतून शंकूसारखी निमुळती. आपण लिव्हर ढकलला की ती गिअरच्या शंकूवर जाऊन बसते, घासते, दोघांचा वेग एक करते, आणि मगच स्लीव्हचे, म्हणजे शाफ्टला गिअरशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे, दात आत सरकू देते. तोवर वाट अडवून उभी राहते. कॅडिलॅकने १९२८ साली ही सोय पहिल्यांदा गाडीत दिली. त्याआधी हे काम ड्रायव्हरच्या पायाला करावं लागे. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरांना घाटात डबल क्लच मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता या कडीच्या आतल्या अंगाला बारीक आटे कापलेले असतात. त्यांचं काम एवढंच की शंकूवरचा ऑइलचा थर कापून बाजूला सारायचा. थर निघाला तर पितळ शंकूला धरतं. नाही निघाला तर कडी नुसती तरंगत फिरते, वेग जुळत नाही आणि दात दातांवर आपटतात. थंडीत घट्ट झालेलं ऑइल नेमकं हेच करतं. त्यात दुसऱ्या गिअरचे हाल जास्त, कारण पहिल्या आणि दुसऱ्यातला वेगाचा फरक सगळ्यात मोठा आणि गावात राबतोही तोच.

म्हणजे बघा, दातांच्या फटीत ऑइलने चिवटपणे टिकून राहायचं, आणि तिथून दोन बोटांवर असलेल्या शंकूवरून चटकन निघून जायचं. एकाला घसरवायचं, दुसऱ्याला घसरू द्यायचं नाही. एवढं कळलं की 'कुठलं ऑइल सगळ्यात भारी' हा प्रश्नच फोल ठरतो.

क्राउन-पिनियनचं दुखणं वेगळं असतं. तिथले गिअर हायपॉइड. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर न बसता खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबवर घसटत जातात. त्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर फुटतो. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगं घालतात. दाबाने जागा तापली की ती संयुगं पोलादाशी रासायनिक क्रिया करून वर एक पापुद्रा धरतात, आणि दाताऐवजी तो पापुद्रा झिजतो. जीएल-५ मध्ये हा मसाला जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतो. माझ्या गाडीत इंजिन आडवं, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सच्याच पोटात आणि त्याचे दात साधे तिरपे. हायपॉइड औषधालाही नाही. तिथे तो दुप्पट मसाला करणार काय? एक तर शंकू बुळबुळीत करणार, आणि तापल्यावर पितळेच्या वाटेला जाणार.

बाटलीवरच्या ९० या आकड्याचाही घोळ आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल म्हणजे ४० नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून घट्ट, असा समज आहे. दोन्हीच्या मोजपट्ट्याच वेगळ्या. चांगलं तापलेलं असताना ९० चं गिअर ऑइल साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच पातळ असतं. खरा फरक थंडीत. नुसतं ९० लिहिलेल्या ऑइलने थंडीत किती पातळ राहावं यावर बंधनच नसतं. ७५डब्ल्यू-९० वर असतं (डब्ल्यू म्हणजे विंटर), त्याची परीक्षा उणे ४० अंशांवर घेतात. नाशिकला उणे ४० कुठून यायचं, पण पारा आठ-नऊवर आला तरी हाताला फरक कळतो.

मला हवं होतं ७५डब्ल्यू-९०, सिंथेटिक, आणि फक्त जीएल-४. दुकानात बऱ्याच बाटल्यांवर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं असतं, आणि दुकानदार सांगतो की साहेब दोन्ही कामं होतात. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शेवटी ऑनलाइन मागवलं. लिटरला हजाराच्या वर गेलं, आणि घरात हा आकडा मी विचारल्याशिवाय सांगितला नाही.

रविवारी भाचा आला होता. दाजींची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, पोरगा शिकायला इथे नाशिकला. मी पोर्चमध्ये सामान मांडत होतो, त्याने उत्सुकतेने एक बाटली उघडली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "मामा, हे तर आमच्या द्राक्षांवरच्या भुरी रोगाचं औषध."

"गंधक आहे त्यात."

"गाडीच्या ऑइलात?"

मग त्याला वरचं सगळं सांगितलं. जीएल-४, जीएल-५, पितळेची कडी. इंजिनिअरिंगच्या पोराला समजावताना आपण फळा-खडू घेतल्यासारखं बोलायला लागतो, ती चूक लोक नेहमी करतात. याने मात्र अर्ध्यातच थांबवलं.

"म्हणजे आमच्या पंपाच्या पितळी नोझलसारखं. गंधक मारून झाल्यावर लगेच धुतलं नाही की काळं ठिक्कर पडतं. पप्पा ओरडतात."

अगदी तेच. गंधकाचं आणि तांब्याचं जुनं सख्य, आणि पितळ म्हणजे तांबंच की निम्म्याहून जास्त. ऑइलवाल्यांची चाचणीही हीच असते: तांब्याची घासून लख्ख केलेली पट्टी तापलेल्या ऑइलात ठराविक वेळ बुडवून ठेवतात आणि बाहेर काढून किती काळवंडली ते रंगाच्या तक्त्याशी ताडून बघतात. इथे एक गोष्ट जीएल-५ च्या बाजूने सांगायला हवी. हल्लीच्या चांगल्या जीएल-५ मध्ये पितळ सांभाळणारे घटकही घालतात, त्यामुळे 'वर्षभरात सिंक्रो खाऊन टाकतं' वगैरे जी भीती घातली जाते तिच्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पण घसरण्याचा प्रश्न राहतोच. काळी न पडलेली कडीसुद्धा बुळबुळीत ऑइलात धरत नाही.

आता काम. लिहायला सोपं, करायला मान मोडणारं.

आमच्या पोर्चला गेटकडे उतार आहे, पावसाचं पाणी जावं म्हणून. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र गाडी सपाट असतानाच मोजता येतं, कारण भरायचं भोक हेच मोजायचं भोक. तिथून ओघळ आला की झालं. नाक वर किंवा खाली असेल तर कमी-जास्त जाईल. म्हणून गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर घेतली, स्टँडखाली जाड प्लायवूडचे चौकोन ठेवले आणि दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ धरून बुडबुडा मधोमध येईपर्यंत उंची जुळवली. याला निम्मी सकाळ गेली. शेजारचे काका फाटकाशी उभे राहून म्हणाले, "घर बांधताय का गाडी?" गाडीखाली शिरण्याआधी ती दोन्ही हातांनी जोरात हलवून बघितली. नुसत्या जॅकवर ठेवून, विटा लावून खाली जाणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याशी मी या विषयावर बोलत नाही, सरळ त्यांना खालून बाहेर ओढतो.

त्याआधी गाडी त्र्यंबक रस्त्याला जाऊन फिरवून आणली होती. ऑइल कोमट असलं की धावतं आणि तळाशी बसलेली घाण बरोबर घेऊन निघतं. चटका बसेल इतकं गरमही नको.

खालचा प्लास्टिकचा ट्रे काढला की गिअरबॉक्स दिसतो. प्लग दोन, एक भरायचा आणि एक काढायचा, दोन्हींना सतरा एमएमची ऍलन की लागते. ही कुठल्याच नेहमीच्या सेटमध्ये नसते. सातपूरच्या हार्डवेअरवाल्याने दहापर्यंतच्या दाखवल्या, चौदाची मागवून देतो म्हणाला. पण टूलरूमवाल्याला सतरा म्हटलं की दुसरंच आठवतं: एम-१० बोल्टचं डोकं सतराचं असतं. असा एक बोल्ट घ्यायचा, त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर कचकचून आवळायचे. बोल्टचं डोकं प्लगमध्ये घालायचं, नटांना सतराचा पाना लावायचा. दहा-पंधरा रुपयांत ऍलन की तयार. बोल्ट मात्र चांगल्या प्रतीचा, ८.८ शिक्क्याचा घ्या, आणि डोक्याचे कोपरे गोल झालेले नाहीत ना ते बघा. प्लगचे कोपरे गेले तर रविवार गेलाच, सोमवारही जातो.

आणि आधी भरायचा प्लग उघडायचा. काढायचा नंतर. भाच्याला हे उलटं वाटलं. त्याला म्हटलं, खालचं उघडून सगळं ऑइल ओतून दिलंस आणि मग वरचा प्लग हललाच नाही, तर काय करशील? गाडी रिकाम्या गिअरबॉक्सची, स्टँडवर, आणि टो करायला बोलवायचं कुणाला रविवारी. आमचा वरचा प्लग हट्टी निघालाच. आदल्या रात्री गंजावरचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी पान्याला हातभर पाइप लावावा लागला. कट्ट करून आवाज आला तेव्हा भाच्याला वाटलं काहीतरी तुटलं. तो आवाज फार सुंदर असतो.

खालचा प्लग उघडला आणि ऑइल पांढऱ्या टबात उतरू दिलं. टब मुद्दाम पांढरा घेतला होता. काळ्या टबात ऑइल बघणं म्हणजे अंधारात पदर शोधणं. पहिली धार जाड, काळपट तपकिरी, वास असा की बायकोने आतून खिडकी लावून घेतली. मग धार बारीक झाली, मग थेंब. चहा झाला, पोह्यांची ताटली झाली, तरी थेंब चालूच. तेवढ्या वेळात मोजलं: पावणेदोन लिटरपेक्षा थोडं कमी. या गिअरबॉक्समध्ये दोन लिटरच्या आसपास राहतं, म्हणजे जुनं भरतानाच कमी भरलेलं असावं.

आता मला ज्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटला तो भाग. जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक माझ्याकडे आहे. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून टबाच्या तळावरून फिरवलं. पिशवीवर राखाडी मलमासारखा लेप आला, बोटावर घेतला तर रवाही लागत नाही इतका बारीक. ही पोलादाची नेहमीची झीज. इतक्या किलोमीटरनंतर ती नसती तर मीच घाबरलो असतो. टोकदार तुकडा, दाताचा कोपरा, चपटी चकती असं काही निघालं तर मात्र झाकण लावून गिअरबॉक्स उघडायचा, नवं ऑइल फुकट घालवायचं नाही. आमच्यात तसं काही नव्हतं.

पण चुंबक पितळेला उचलत नाही. बरेच जण चुंबक बघतात, 'साफ आहे' म्हणतात आणि टब ओतून देतात. मी टब कोपऱ्यात झाकून ठेवला, रात्रभर बसू दिलं, आणि सकाळी वरचं ऑइल अलगद कॅनमध्ये काढून घेतलं. तळाचा शेवटचा कपभर उन्हात धरून टब हळूच कलता केला. काळ्या ऑइलच्या कडेला सोनेरी झाक सरकली. कण म्हणावेत असं काही नाही, बोटाला काही लागत नाही. पैठणीच्या काठावरून उजेड सरकावा तशी एक लकेर, टब थांबला की गायब. ही सिंक्रोची कडी. अनेक हिवाळे गारठलेल्या ऑइलातून वेग जुळवायचा प्रयत्न करून करून झिजलेली. भाचा मोबाइलवर फोटो काढत बसला, फोटोत काहीच आलं नाही.

भरायचं कसं, याचं उत्तर गवंड्याकडे मिळतं. भोक बाजूला आहे, बाटली तिथे उलटी करता येत नाही. पिचकारीसारखे पंप मिळतात, पण त्यांनी तोंडाला फेस येतो. मी गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी आणली. एक टोक बॉनेटमधून खाली सोडून भोकात, दुसऱ्या टोकाला नरसाळं, आणि वरून निवांत ओतायचं. नळी पारदर्शक असल्याने ऑइल कुठवर पोचलं ते दिसतं. थंडीत ते हलायला तयार नव्हतं, म्हणून बाटल्या आधी तासभर उन्हात ठेवल्या होत्या. मधासारखं सोनेरी ऑइल नळीतून उतरताना बघणं हा एक वेगळाच विरंगुळा आहे. भाच्याने नरसाळं धरलं, मी खाली पडून बघत होतो. दोन लिटर होत आले तेव्हा भोकाच्या ओठावर पहिला ओघळ दिसला. "बस्स!" म्हणून ओरडलो. तरी नळीत होतं तेवढं आलंच आणि थोडं माझ्या शर्टावरही. तो शर्ट आता गाडीचा शर्ट म्हणून स्वतंत्र ठेवायची आज्ञा झालेली आहे.

जास्तीचं गळून जाऊ दिलं, प्लग बसवला. इथे ताकद दाखवायची नाही. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. आटे गेले तर कवचाचे जातील. काढताना पाइप लावला म्हणून बसवताना लावायचा नसतो, नुसता पाना आणि मनगट. मग प्लगभोवतीची जागा पुसून कोरडी केली आणि खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता, तेव्हा ट्रे चढवला.

जुन्या ऑइलची सोय आधीच बघून ठेवलेली बरी. आमच्या गल्लीत एक सेंट्रिंगवाला आहे, त्याला शटरिंगच्या पत्र्यांना लावायला जळकं ऑइल हवंच असतं. त्याने टब बघून हात पुढे केला. दिलं नाही. ते पत्रे धुतले की सगळं गटारात आणि तिथून नासर्डीत, नासर्डी गोदावरीत. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. माझ्या ओळखीच्या गॅरेजात पिंप ठेवलेलं असतं, ते ऑइल पुन्हा शुद्ध करणारे घेऊन जातात. तिथे कॅन देऊन आलो. मिस्त्रींनी झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, "हे तर जीपचं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडी काढली. मुद्दाम, गारठा असताना. सिंहस्थाच्या कामांमुळे इतके रस्ते खणलेत की त्र्यंबक रस्त्याला लागेपर्यंत गिअर बदलण्याची तालीम आपोआप होते. पहिला, मग दुसरा. लिव्हरला अजून किंचित विचार करावा लागतो, पण खरखर नाही, अडणं नाही. सातपूर मागे पडेपर्यंत तेवढंही राहिलं नाही. गंमत म्हणजे जास्त फरक तिसऱ्यात जाणवला, ज्याच्याबद्दल माझी काही तक्रारच नव्हती. तो इतकी वर्षं थोडा जड होता आणि माझ्या हाताने ते गृहीत धरलेलं होतं. अंजनेरीपर्यंत गेलो, तिथे चहा घेतला आणि येताना उगाचच खालच्या गिअरात टाकत आलो.

झिजलेलं पितळ काही ऑइलने परत येत नाही. ती सोनेरी झाक मी बघितलीय. पुढच्या थंडीत दुसरा गिअर पुन्हा कुरकुरला तर गिअरबॉक्स उतरवून कड्या बदलाव्या लागतील आणि तेव्हा क्लचही करून टाकीन. त्याआधी हजारभर किलोमीटर झाले की एकदा वरचा प्लग उघडून पातळी बघेन. बोल्टची ऍलन की ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

संध्याकाळी दाजींचा फोन. पोराने सगळं रंगवून सांगितलेलं.

"काय मेव्हणे, गंधक घातलं म्हणे गाडीत."

"कमी गंधकाचं घातलं, दाजी."

"मग आमच्या ट्रॅक्टरला पण तेच टाकू का? गिअर फार कडक झालेत सकाळचे."

म्हटलं, अजिबात नाही. ट्रॅक्टरच्या पोटातलं तेच ऑइल हायड्रॉलिकही उचलतं आणि ऑइलातले ब्रेकही त्याच्यातच बुडालेले असतात. त्याचं ऑइल निराळं. ट्रॅक्टरचं पुस्तक कुठेय?

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज लांब गेला, ताईला उद्देशून: "अगं, ते ट्रॅक्टरचं पुस्तक बघ जरा. फ्रिजवर होतं."